माणसं मोजणीपुरती

यंदा गौरीजेवणाच्या दिवशी आमच्या घरात वाद पेटला तो अमेरिकेवरून. पंगत उठली होती, पुरणपोळीची गुंगी चढत होती, आणि अमेरिकेतल्या एडिसनहून महिनाभरासाठी आलेले काका मोबाइलवरचा एक मजकूर मोठ्यानं वाचत होते. हॉटेलं, शाळा आणि नोकऱ्यांतल्या वंशभेदाला बंदी करणाऱ्या १९६४च्या नागरी हक्क कायद्याला विरोध केला डेमोक्रॅटांनी, तारला रिपब्लिकनांनी, तेव्हा आज कोणी कोणाला वंशवादी म्हणू नये, असा त्याचा मथितार्थ. कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला असलेली भाची ताडकन म्हणाली, "आजोबा, तेव्हाचे डेमोक्रॅट म्हणजे आजचे रिपब्लिकन. पाट्या बदलल्या, एवढंच." मेहुण्यांनी लवंग चघळत तिसरी बाजू मांडली, "मुळात तो राज्यांच्या स्वायत्ततेचा प्रश्न होता. सगळं दिल्लीनं ठरवायचं म्हटलं तर आपण तरी ऐकून घेतो का?" तासभर तिघंही जोरात बोलले. आपली बाजू थोडी कच्ची असेल, अशी शंका एकालाही आली नाही.

मला तिघांचंही पटलं नाही. खरं सांगायचं तर हा वाद अमेरिकेतही बहुतेक वेळा असाच, म्हणजे वाईट, घातला जातो. पक्षाचं नाव, राज्यघटनेतलं तत्त्व, नाहीतर मनातला द्वेष, या तिन्हींपैकी एक किल्ली घ्यायची आणि कुलूप उघडलं असं जाहीर करायचं. माझं म्हणणं असं की दक्षिणेतल्या राजकारण्यांची सत्ता एका हिशेबावर उभी होती. त्या हिशेबात कृष्णवर्णीय माणूस लोकसंख्येत धरलेला होता, मजुरीला जुंपलेला होता आणि मतदानातून वगळलेला होता. नागरी हक्कांचा कायदा नेमका या हिशेबाला हात घालत होता, म्हणून ते जिवावर उदार होऊन लढले. द्वेष होता, भरपूर होता. पण तो इंधनासारखा वापरला जात होता, आणि गाडी कुठे न्यायची हे पक्कं ठाऊक असलेली माणसं ती चालवत होती.

आधी काकांचे आकडे घेऊ, कारण ते खोटे नाहीत. १० फेब्रुवारी १९६४ रोजी प्रतिनिधिगृहात विधेयक २९० विरुद्ध १३० मतांनी मंजूर झालं. डेमोक्रॅटांची १५२ मतं बाजूनं, ९६ विरोधात. रिपब्लिकनांची १३८ बाजूनं, ३४ विरोधात. म्हणजे पाठिंबा ६१ टक्के आणि ८० टक्के. इथवर मजकूर बरोबर आहे. आता देशाच्या नकाशावर एक रेघ ओढा. १८६०-६१मध्ये संघराज्यातून फुटून निघालेली दक्षिणेतली ११ राज्यं एका बाजूला, बाकीचा देश दुसऱ्या बाजूला. त्या ११ राज्यांतल्या ९४ डेमोक्रॅटांपैकी बाजूनं पडले सात. रिपब्लिकन १० होते, त्यांतला एकही नाही. रेघेच्या पलीकडे १५४ डेमोक्रॅटांपैकी १४५ बाजूनं, तर १६२ रिपब्लिकनांपैकी १३८. गंमत बघा, दोन्ही प्रदेशांत डेमोक्रॅटांचा पाठिंबा जास्त, पण बेरीज केली की रिपब्लिकनांचा जास्त. दक्षिणेतल्या जवळपास सगळ्या जागा डेमोक्रॅटांकडे होत्या, म्हणून असं होतं. संख्याशास्त्राच्या वर्गात हे कोडं म्हणून घालतात. पक्ष ओलांडून सगळ्यांना बांधणारी गोष्ट होती ती रेघ.

भाचीचं उत्तरही पुरत नाही ते याचसाठी. कायद्याला विरोध करणारे दक्षिण कॅरोलायनाचे सिनेटर स्ट्रॉम थर्मंड त्याच वर्षी रिपब्लिकन झाले हे खरं. पण जॉर्जियाचे रिचर्ड रसेल, मिसिसिपीचे जेम्स ईस्टलंड आणि जॉन स्टेनिस हे विरोधाचे खरे सेनापती शेवटपर्यंत डेमोक्रॅटच राहिले. १९५६मध्ये शाळांमधल्या वंशभेदाविरुद्धच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला विरोध करणारं जे 'दक्षिणेचं निवेदन' निघालं, त्यावर १०१ सह्या होत्या आणि त्यांत दोन रिपब्लिकनही होते. पाट्या बदलण्याची गोष्ट पुढे तीस-चाळीस वर्षं चालली. ती या विरोधाची निष्पत्ती होती, तिच्यातून विरोधाचं कारण सापडत नाही.

मेहुण्यांचा मुद्दा मात्र वजनदार आहे, आणि तो प्रामाणिकपणे मान्य करायला हवा. संघराज्य ही काही पळवाट नाही. दूरच्या राजधानीत बसलेल्या बहुमतानं प्रत्येक गावाचे नियम ठरवावेत, हे कोणाला आवडेल? राज्यपालांच्या दिरंगाईवरून आणि करांच्या वाट्यावरून आपणही चिडतोच. अमेरिकेत तर दारूबंदीपासून घटस्फोटापर्यंत कितीतरी गोष्टी राज्यांनी आपापल्या परीनं करून पाहिल्या आणि त्यातून देश शिकला. रसेल यांच्यासारखा माणूस जेव्हा म्हणे की केंद्राला हा अधिकार घटनेनं दिलेलाच नाही, तेव्हा त्यामागे दीडशे वर्षांचा खरा वाद होता.

पण तत्त्व खरं आहे की नाही हे तपासायची एक साधी पद्धत असते. ते तत्त्व आपल्याच अंगावर उलटतं तेव्हा माणूस काय करतो? १८५०च्या पळपुट्या गुलामांच्या कायद्यानं केंद्राचे अधिकारी उत्तरेतल्या स्वतंत्र राज्यांत शिरून माणसं पकडून आणू लागले. उत्तरेतल्या काही राज्यांनी आपल्या अधिकारात त्यांना अडवणारे कायदे केले. तेव्हा दक्षिणेनं काय म्हणावं? राज्यांना असे कायदे करायचा हक्कच नाही! डिसेंबर १८६०मध्ये दक्षिण कॅरोलायनानं फुटून निघण्याची कारणं जाहीर केली, त्यांत हीच मुख्य तक्रार आहे. राज्यांच्या हक्कांसाठी फुटलो असं जे नंतर सांगितलं गेलं, ते दुसऱ्या राज्यांनी आपले हक्क वापरले म्हणून झालं होतं.

विसाव्या शतकातही तेच. केंद्राचा पैसा दक्षिणेला कधी कडू लागला नाही. टेनेसी नदीवरची धरणं, कापसाचे हमीभाव, लष्कराचे तळ, सगळं चाललं. १९४६मध्ये देशभर रुग्णालयं बांधायला केंद्रानं निधी देण्याचा कायदा झाला, त्याचे एक प्रवर्तक अलाबामाचे सिनेटर लिस्टर हिल. गोऱ्यांची आणि काळ्यांची सोय वेगवेगळी ठेवली तरी निधी मिळेल, असं कलम त्या कायद्यातच होतं. म्हणजे वॉशिंग्टननं भिंत बांधायला पैसे दिले तर ते संघराज्य, आणि पाडायला सांगितली तर ती हुकूमशाही. ते कलम संघीय न्यायालयानं रद्द केलं १९६३मध्ये.

याहून बोलका प्रकार व्हर्जिनियाचा. तिथल्या आर्लिंग्टन परगण्याच्या निवडून आलेल्या शाळा मंडळानं १९५६मध्ये हळूहळू एकत्र शाळा सुरू करायची योजना मांडली. राज्याच्या विधिमंडळानं त्या परगण्याचा शाळा मंडळ निवडण्याचा हक्कच काढून घेतला. दोन वर्षांनी नॉरफोक शहरात न्यायालयाच्या आदेशानुसार १७ काळ्या मुलांना प्रवेश मिळायची वेळ आली, तेव्हा राज्यानं सहा शाळांना टाळं ठोकलं. सुमारे दहा हजार मुलं घरी बसली, आणि त्यांतली बहुतेक सगळी गोरी होती. आता सांगा, केंद्रानं राज्याच्या कारभारात नाक खुपसू नये म्हणणाऱ्यांनी गावाच्या शाळेत नाक खुपसलं की नाही?

इथे मला बाबासाहेब आंबेडकरांचं ४ नोव्हेंबर १९४८चं संविधान सभेतलं भाषण आठवतं. घटना गावावर उभारायला हवी होती असं म्हणणाऱ्यांना त्यांनी फटकारलं होतं. गाव म्हणजे स्थानिक संकुचितपणाचं डबकं, अज्ञानाची आणि जातीयतेची गुहा, असं ते म्हणाले. आणि मसुद्यानं गाव टाकून व्यक्ती हा घटक धरला याचा मला आनंद आहे, असंही म्हणाले. हे बोलणारा माणूस अमेरिकेत शिकलेला होता, आणि १९४६मध्ये त्यानं कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून तिथल्या कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची चौकशी केली होती. पण त्याला पुस्तकांतून शिकायची गरजच नव्हती, कारण महाड त्याच्या समोर घडलं होतं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात १९२३मध्ये मंजूर झाला. त्याला धरून महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं, अर्थात कागदावर. २० मार्च १९२७ला लोक खरंच पाणी प्यायले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. स्थानिक स्वराज्यच होतं ते. तळ्याचा निकाल उच्च न्यायालयातून यायला १९३७ उजाडलं.

स्वायत्ततेचाच धाकटा भाऊ म्हणजे मालकी हक्काचा युक्तिवाद. माझं हॉटेल, मी कोणाला वाढायचं ते मी ठरवीन. ॲरिझोनाचे बॅरी गोल्डवॉटर यांनी १९६४मध्ये याच कारणानं विरोधात मत दिलं, आणि ते ढोंगी नव्हते. आधीच्या १९५७ आणि १९६०च्या नागरी हक्क कायद्यांना त्यांनी पाठिंबा दिला होता. त्यांचा मुद्दा तत्त्वाचा होता, हे मला मान्य आहे. पण दक्षिणेत मालकाला ती मोकळीक होती कुठे? बर्मिंगहॅम शहराच्या उपविधीप्रमाणे एका खोलीत काळ्या-गोऱ्यांना जेवण द्यायचं तर मध्ये जमिनीपासून किमान सात फूट उंचीची भरीव भिंत आणि रस्त्याकडून दोन वेगळी दारं असणं बंधनकारक होतं. काळ्या आणि गोऱ्या माणसानं मिळून पत्ते, फासे, डोमिनो किंवा चेकर्स खेळणं हा गुन्हा होता. चेकर्स! दोन म्हातारे बाकावर बसून सोंगट्या सरकवतात, तर नगरपालिकेला त्याचं भय वाटत होतं. आपोआप टिकणाऱ्या रूढीला असल्या कायद्याच्या टेकूची गरज का पडावी? आगगाडीत काळ्यांसाठी वेगळा डबा जोडायचा खर्च नको म्हणून लुइझियानातल्या रेल्वे कंपनीनं १८९२मध्ये त्या कायद्याला आव्हान देणाऱ्यांना आतून मदतच केली होती. मालक सवलत मागत होते आणि राज्य सक्ती करत होतं. आणि गोल्डवॉटर यांच्या तत्त्वातून मतदारांनी काय ऐकलं? त्या नोव्हेंबरात अध्यक्षपदासाठी ते सपाटून हरले. स्वतःचं राज्य सोडलं तर जिंकले ती पाच राज्यं खोल दक्षिणेतली, आणि मिसिसिपीत त्यांना ८७ टक्के मतं पडली.

मग उरतो सगळ्यात सोपा बचाव. ते लोकप्रतिनिधी होते, लोकांना हवं ते करत होते, लोकशाही म्हणजे आणखी काय? इथे थांबून विचारायला हवं की लोक म्हणजे कोण.

मिसिसिपीच्या सनफ्लॉवर परगण्यात डॉड्सव्हिल नावाच्या गावी सिनेटर ईस्टलंड यांचा हजारो एकरांचा कापसाचा मळा होता. १९५६पासून ते सिनेटच्या न्याय समितीचे अध्यक्ष होते, आणि नागरी हक्कांची विधेयकं याच समितीकडे येत. ती विधेयकं दाबून ठेवायला आपण पँटला खास खिसे शिवून घेतले होते, अशी फुशारकी ते मारत. त्याच परगण्यात रूलव्हिलजवळच्या दुसऱ्या एका मळ्यावर फॅनी लू हेमर नावाची बाई कापूस वेचायची आणि हजेरी मांडायची. मत देण्याचा हक्क आपल्याला आहे हेच तिला वयाच्या ४४व्या वर्षी कळलं. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी १८ जण एका जुन्या बसमधून २६ मैलांवरच्या इंडियनोला गावी, परगण्याच्या कचेरीत, नाव नोंदवायला गेले. कारकुनानं तिच्यापुढे मिसिसिपी राज्याच्या घटनेचं सोळावं कलम ठेवलं, पूर्वलक्षी कायद्यांबद्दलचं, आणि त्याचा अर्थ लिहायला सांगितला. मिसिसिपीच्या घटनेत २८५ कलमं, त्यांतलं कोणतं विचारायचं आणि उत्तर बरोबर की चूक, दोन्ही कारकुनाच्या मर्जीवर. परतताना बसचा रंग चुकीचा आहे, फार पिवळा आहे, म्हणून पोलिसांनी चालकाला दंड केला. संध्याकाळी मळ्याच्या मालकानं सांगितलं, अर्ज मागे घे नाहीतर मळा सोड. ती म्हणाली की मी नाव नोंदवायला गेले ते तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी. १८ वर्षांचं काम आणि डोक्यावरचं छप्पर त्या रात्री गेलं.

आता हिशेब मांडा. १९६०च्या जनगणनेत मिसिसिपीच्या लोकसंख्येत काळे ४२ टक्के होते. प्रतिनिधिगृहातल्या जागा लोकसंख्येवर मिळतात. म्हणजे त्या राज्याच्या पाचांपैकी दोन जागा ज्यांच्या डोक्यांवर मिळाल्या होत्या, त्यांतल्या शंभर प्रौढांमागे सातांची नावंसुद्धा मतदार यादीत नव्हती. अगदी १९६४मध्येही प्रमाण ६.७ टक्के. गुलामीच्या काळात १७८७च्या घटनेनं गुलामाला तीन पंचमांश माणूस धरलं होतं. गुलामी गेल्यावर तो मोजणीत पुरा माणूस झाला आणि दक्षिणेच्या जागा वाढल्या. मत मात्र १८९०नंतर एकेका राज्यानं काढून घेतलं. असं केलं तर त्या प्रमाणात जागा कमी कराव्यात, असं १८६८च्या चौदाव्या घटनादुरुस्तीत स्वच्छ लिहिलेलं आहे. ते कलम एकदाही अमलात आलं नाही. म्हणजे हिशेबाच्या भाषेत बोलायचं तर गुलामी संपल्यानं जुन्या मालकांच्या वारसांचं राजकीय भांडवल वाढलंच.

त्या भांडवलावर व्याज मिळे ते ज्येष्ठतेचं. मतदार थोडे, पक्ष एकच, विरोधक नाही, त्यामुळे एकदा निवडून आलेला माणूस तीस-तीस वर्षं हलत नसे. आणि काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, समितीचं अध्यक्षपद ज्येष्ठतेनं मिळे. व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ नियम समितीवर बसलेले, म्हणजे कोणतं विधेयक सभागृहापुढे येणार याच्या किल्ल्या त्यांच्याकडे. १९५७मध्ये नागरी हक्कांचं विधेयक आलं तेव्हा शेतावरचं कोठार जळालं म्हणून ते गावी निघून गेले आणि बैठकच होईना. (१९६४मध्ये याच स्मिथांनी नोकरीतल्या भेदभावाच्या कलमात 'लिंग' हा शब्द घालायची दुरुस्ती मांडली. विधेयक बुडावं म्हणून मांडली की मनापासून, यावर अजून वाद आहे. ती मंजूर झाली, आणि अमेरिकेतल्या बायकांना त्या एका शब्दानं पुढे कितीतरी खटले जिंकून दिले.) सिनेटमध्ये तर बोलत राहून विधेयकाचा जीव घ्यायची रीतच होती, तिला फिलिबस्टर म्हणतात. थर्मंड १९५७मध्ये २४ तास १८ मिनिटं बोलले.

याच थर्मंडांना वडिलांच्या घरी काम करणाऱ्या सोळा वर्षांच्या काळ्या मुलीपासून १९२५मध्ये एक मुलगी झाली होती. तिला ते गुपचूप भेटत आणि पैसे पाठवत. जगाला हे कळलं ते त्यांच्या मृत्यूनंतर, डिसेंबर २००३मध्ये. 'निव्वळ द्वेष' म्हणणाऱ्यांना ही गोष्ट अडचणीत आणते. काळ्या बाईनं स्वयंपाक करावा, मूल वाढवावं, यात त्या समाजाला विटाळ नव्हता. ती मतदान केंद्रावर रांगेत उभी राहिली की विटाळ होत होता.

पैशाचा धागा याच वस्त्राचा. कापसाच्या मळ्याला स्वस्त आणि गप्प बसणारा मजूर हवा. १९३८च्या किमान वेतनाच्या कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले, आणि दक्षिणेत ही कामं मुख्यतः काळी माणसं करत. ज्याला मत आहे त्याला वेतन मागता येतं, हे मळेवाल्यांना कोणी शिकवायला नको होतं. गरीब गोऱ्यांचं काय, असा प्रश्न इथे यायला हवा. तर मत देण्यासाठी भरायची जी पट्टी होती, ती त्यांच्याही मुळावर आली. अलाबामात वर्षाला दीड डॉलर, थकली तर साचत जाई, ३६ डॉलरांपर्यंत. वाण्याच्या खात्यावर उधारी असलेला गोरा कूळ-शेतकरी ही रक्कम कुठून भरणार? त्याला मिळालं ते एवढंच, की बसमध्ये पुढे बसायचा मान त्याचा. १९६४च्या कायद्यावर सही करणारे अध्यक्ष लिंडन जॉन्सन याच दक्षिणेतले. सगळ्यात खालच्या गोऱ्याला तू सगळ्यात वरच्या काळ्यापेक्षा श्रेष्ठ आहेस असं पटवलं की तू त्याचा खिसा कापलास तरी त्याला कळत नाही, असं ते खाजगीत म्हणाल्याचं त्यांच्या सहकाऱ्यानं नंतर सांगितलं. ते स्वतः वीस वर्षं या विधेयकांच्या विरोधात मतं देत आलेले, त्यामुळे ते ऐकीव बोलत नव्हते.

आता माझ्याच बाजूला टोचणारा मुद्दा. नेत्यांना दुसरा मार्ग होता का? जॉर्ज वॉलेस १९५८मध्ये अलाबामाच्या गव्हर्नरपदासाठी त्यातल्या त्यात मवाळ म्हणून उभे राहिले. कृष्णवर्णीयांच्या संघटनेचा त्यांना पाठिंबा, समोरच्याला कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या हिंसक संघटनेचा. हरले. पुढच्या खेपेला ते असे बोलले की कोणी त्यांच्यापेक्षा कडवा उरलाच नाही, आणि जानेवारी १९६३मध्ये शपथविधीतच 'आज, उद्या आणि कायम' वंशभेद राहील अशी घोषणा करून मोकळे झाले. त्याच १९५८मध्ये आर्कान्सासचे प्रतिनिधी ब्रुक्स हेज यांनी लिटल रॉकच्या शाळेत काळ्या मुलांना प्रवेश देण्याच्या प्रकरणात फक्त मध्यस्थी केली, तर मतपत्रिकेवर नावही नसलेल्या माणसानं त्यांना पाडलं. हे खरं आहे. भीती काल्पनिक नव्हती.

पण दुसरी यादीही आहे आणि ती कोणी वाचत नाही. टेनेसीच्या दोन्ही सिनेटरांनी, आल्बर्ट गोर थोरले आणि एस्टेस कीफॉव्हर यांनी, १९५६च्या निवेदनावर सही केली नाही. गोर १९५८मध्ये निवडून आले, कीफॉव्हर १९६०मध्ये. टेक्ससचे सिनेटर राल्फ यारबरो यांनी जून १९६४मध्ये कायद्याच्या बाजूनं मत दिलं आणि पाच महिन्यांनी निवडणुकीत जॉर्ज बुश थोरल्यांना हरवलं. जॉन्सनच्या लाटेचा फायदा त्यांना झाला असेलच. तरी टेनेसी आणि टेक्ससमध्ये हे जमलं आणि मिसिसिपीत जमलं नाही, यातच सगळं आलं. जिथे काळ्यांची संख्या मळ्यांवर दाट होती आणि मतं जवळपास शून्य, तिथे विरोध सर्वांत कडवा. जिथे ती थोडीफार मतं देत, तिथे नेत्याला श्वास घ्यायला जागा होती. द्वेषाचं प्रमाण टेनेसीच्या सीमेवर अचानक उतरत नाही. हिशेब मात्र बदलतो.

उत्तरेचा दांभिकपणा दक्षिणेचे नेते पुन्हा पुन्हा काढत, आणि त्यांत तथ्य होतं. १९६६मध्ये मार्टिन ल्यूथर किंग शिकागोच्या गोऱ्या वस्तीतून मोर्चा घेऊन निघाले तेव्हा त्यांच्या डोक्यात दगड बसला. घरं विकताना-भाड्यानं देताना भेदभाव नको, असं विधेयक त्याच वर्षी अडकलं, कारण आता प्रश्न उत्तरेतल्या गल्लीबोळांचा होता. एप्रिल १९६८मध्ये किंग यांचा खून झाला आणि आठवड्याभरात त्यावर सही झाली. दक्षिणेची माणसं वाईट आणि उत्तरेची चांगली, असं म्हणणाऱ्याला हा मुद्दा खाली पाडतो. माझं म्हणणं त्यानं उलट पक्कं होतं. ज्याच्या मतदारसंघाचा व्यवहार मोडतो, त्याला अचानक तत्त्वं आठवतात.

राहिला शेवटचा, सगळ्यात सभ्य आवाजात मांडला जाणारा युक्तिवाद. कायद्यानं मनं बदलत नाहीत, थोडा वेळ द्या. किती? जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांना मुक्त केल्याबद्दल, ते साल १८७३. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स इथे सशस्त्र गोऱ्यांनी निवडणुकीच्या वादावरून डझनावारी काळ्यांची कत्तल केली. पुण्यात ज्या गोष्टीचं कौतुक छापलं जात होतं, ती तिकडे उसवायला लागली होती. हॉटेल-आगगाडीत भेदभावाला बंदी करणारा कायदा १८७५मध्ये झालेला होता. सर्वोच्च न्यायालयानं तो १८८३मध्ये रद्द केला, आणि तसाच पुन्हा यायला १९६४ उजाडलं. माणसाला जमावानं झाडाला टांगणं हा केंद्रीय गुन्हा ठरवणारं विधेयक प्रतिनिधिगृहानं १९२२मध्ये मंजूर केलं. दक्षिणेच्या सिनेटरांनी ते बोलबोलून मारलं. तसा कायदा अखेर झाला मार्च २०२२मध्ये. शंभर वर्षं दिली की वेळ!

आणि वेळ न देता काय झालं? दवाखान्यांचंच घ्या. केंद्राच्या ज्येष्ठांसाठीच्या आरोग्यविम्याचे पैसे रुग्णालयांना १ जुलै १९६६पासून मिळणार होते, अट एकच, वंशभेद करणाऱ्या रुग्णालयाला दमडी नाही. पिढ्यान्‌पिढ्या बदलणं अशक्य असलेले वॉर्ड काही महिन्यांत एक झाले. मतदान हक्काचा कायदा १९६५मध्ये आला, केंद्राचे नोंदणी अधिकारी गावात येऊन बसले, आणि मिसिसिपीतली काळ्यांची नोंदणी ६.७ टक्क्यांवरून १९६७पर्यंत ५९.८ टक्क्यांवर गेली. किंग म्हणत की कायद्यानं एखाद्याला माझ्यावर प्रेम करायला लावता येणार नाही, पण मला झाडाला टांगण्यापासून त्याला रोखता येईल, आणि तेही मला पुरेसं महत्त्वाचं वाटतं. मला वाटतं ते थोडं कमीच बोलले. कायद्यानं नेत्यांना प्रेमाचा अभिनय करायलाही लावलं. थर्मंडांनी १९७१मध्ये काळा सहायक नेमला, १९८३मध्ये किंग यांच्या नावच्या सुट्टीला मत दिलं. स्टेनिस यांनी १९८२मध्ये मतदान हक्काच्या कायद्याच्या मुदतवाढीला मत दिलं. वॉलेस माफी मागत फिरले आणि त्याच वर्षी काळ्यांची मतं घेऊन पुन्हा गव्हर्नर झाले. रक्तात भिनलेला द्वेष पंधरा वर्षांत असा विरघळतो? की मतदार यादी बदलली?

काका हे सगळं ऐकून घेत होते. मी त्यांना विचारलं, तुम्ही गेलात कोणत्या कायद्यानं? त्यांना आठवत होतं, १९७४ साल, इंजिनिअरचा व्हिसा. तो मिळाला १९६५च्या स्थलांतर कायद्यामुळे. त्याआधी भारतातून वर्षाला शंभर माणसांची कोटा-पद्धत होती, आणि ती मोडणारा कायदा नागरी हक्कांच्या त्याच लाटेतून वर आलेला. विरोधात मत देणाऱ्या सिनेटरांत बहुसंख्य पुन्हा दक्षिणेतलेच. काका काही बोलले नाहीत, पण मोबाइल उलटा करून ठेवला.

ईस्टलंड यांची गोष्ट मात्र सांगायची राहिली होती. १९७८मध्ये त्यांना सातव्यांदा उभं राहायचं होतं. आता सनफ्लॉवरमध्ये काळे मतदार होते. त्यांनी मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीय चळवळीचे नेते आरन हेन्री यांनाच विचारलं, तुमच्या लोकांचा पाठिंबा मिळेल का मला? हेन्रींनी तोंडावर सांगितलं की शक्यता फार कमी, काळ्यांकडे बघायची तुमची दृष्टी मालक आणि नोकराची आहे. ३५ वर्षांहून अधिक काळ सिनेटमध्ये बसलेल्या त्या माणसानं त्या वर्षी अर्जच भरला नाही.